केळवणाचा चेहरा

आईच्या दोन भुवयांच्या मधोमध एक उभी रेघ होती. बाबा गेले त्या वर्षी ती पडली आणि मग कायमची राहिली. मी तेव्हा चौथीत होते. आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडले की मी बोटानं ती रेघ पुसायला बघायचे. “बोटानं नाही जायची ती,” आई म्हणायची, “खोडरबर आण.”

घरातलं हवामान मला त्या रेघेवरून कळायचं. रेघ खोल गेली की समजायचं, आपले मार्क आईला आधीच कळलेत. आई म्हणजे शाळेतल्या गणिताच्या खैरनार बाई. अख्खं नाशिक तिला घाबरायचं असं मी म्हणणार नाही, पण आमचा गंगापूर रोड तरी नक्कीच घाबरायचा. वर्गात कुजबुज झाली तर ती ओरडत नसे. फळ्याकडून वळायची आणि एक भुवई उचलायची, बस. मी घरची असल्यामुळे मला दोन्ही भुवया मिळायच्या.

सायकल शिकताना मी पडले तो प्रसंग मला अजून आठवतो. गुडघा फुटला होता, पण मी गुडघ्याकडे बघितलंच नाही. आधी आईच्या तोंडाकडे बघितलं. ती घाबरलेली दिसली, आणि मग मी भोकाड पसरलं. ती शांत दिसली असती, तर मी धूळ झटकून परत सायकलवर बसले असते. माझं काय झालंय हे मला नेहमी तिच्या चेहऱ्यावरून कळायचं.

तीच रेघ माझ्या लग्नाआधी घालवायची असं आईनं ठरवलं.

“फोटोत मी रडकी दिसते,” ती म्हणाली. “तुझ्या सासरचे म्हणतील, विहीणबाई लग्नाला आल्यात की दहाव्याला?”

“अगं पण आई, ती रेघ म्हणजे तू आहेस.”

“मी रेघ नाही, माणूस आहे. आणि आता निवृत्त झालेय. दटावायला कोणी उरलं नाही, मग भुवया कशाला आखडून ठेवू?”

तोपर्यंत आमच्या ओळखीतल्या निम्म्याअधिक बायकांनी ‘रेशीम’ करून घेतलं होतं. बाजारातलं नाव काहीतरी लांबलचक होतं, पण सगळे रेशीमच म्हणायचे. भिशीला गेलं की एकमेकींच्या कपाळाकडे बघून “केलंस वाटतं?” असा प्रश्न चहाच्या आधी यायचा.

क्लिनिकमधल्या डॉ. शहाणे तरुण होत्या. त्यांच्या कपाळावर एक सुरकुती शोधून सापडली नसती. आईला समोर बसवून त्यांनी सगळं नीट सांगितलं.

“कापाकापी नाही, भूल नाही. बारीक सुया, अर्ध्या तासात घरी. आज लाल ठिपके दिसतील, उद्या जातील. एकदोन दिवस चेहरा जड वाटेल, ओला टॉवेल ठेवल्यासारखं. आज लगेच आडवं पडायचं नाही, चेहरा चोळायचा नाही, उन्हात फिरायचं नाही. दुखतं म्हणाल तर मुंगी चावल्याइतकं.”

“ते ठीक आहे,” आई म्हणाली. “पण कुठला स्नायू थांबवायचा आणि कुठला नाही, हे तुमच्या औषधाला कळणार कसं?”

डॉक्टर खूश झाल्या. असं विचारणारी गिऱ्हाइकं त्यांना क्वचितच मिळत असणार.

त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. आठी पडते कारण कातडीखालचा छोटा स्नायू आकसतो. नस त्याला निरोप देते, तो ओढला जातो, कातडीला घडी पडते. वर्षानुवर्षं तीच घडी पडली की ती इस्त्री बसल्यासारखी पक्की होते. जुनं इंजेक्शन हा निरोपच अडवायचं. पण ते आंधळं होतं. टोचलं तिथलं सगळंच बंद पाडायचं, शिवाय काही महिन्यांत उतरून जायचं. रेशीम म्हणजे औषध नव्हतंच, त्या जिवंत पेशी होत्या. महिन्यापूर्वी आईच्याच कातडीतून घेतलेल्या, प्रयोगशाळेत बदललेल्या, आता चेहऱ्यावर जिथे जिथे नस स्नायूला भेटते तिथे नेऊन बसवायच्या. बसल्या की त्या आधी काहीच करत नाहीत, नुसतं बघतात. कुठला निरोप सारखा येतो, कुठला क्वचित येतो, याची नोंद घेतात. मग जो नेहमीचा, त्याला वाट देतात आणि जो फालतू, त्याला अडवतात. म्हणजे माणसाचे रोजचे हावभाव राहतात आणि नको त्या घड्या जातात. आणि पेशी जिवंत असल्यामुळे हे उतरत नाही.

“शिकायला त्यांना तीन आठवडे लागतात,” डॉक्टर म्हणाल्या. “त्या काळात तुम्ही फक्त एक करायचं. नेहमीसारखं राहायचं.”

“एवढंच ना?” आई म्हणाली. “चला, लग्नाला तीन आठवडेच आहेत. बरोबर बसतंय गणित.”

आता मागे वळून बघितलं की अंगावर काटा येतो. लग्नाआधीचे ते तीन आठवडे म्हणजे केळवणांचे आठवडे होते.

केळवण कसं असतं ते सांगायला नको. रोज कोणाकडे तरी जेवायला जायचं. पाटाभोवती रांगोळी, औक्षण, पुरणाची पोळी नाहीतर श्रीखंड, मग फोटो, मग अजून एक फोटो. आज मामाकडे, उद्या आत्याकडे, परवा आईच्या शाळेतल्या बाईंकडे. आणि प्रत्येक घरी मुलीच्या आईनं हसायचं. तिसऱ्यांदा वाढलेली खीर बघून हसायचं, जावयाच्या पगाराची चौकशी झाली तरी हसायचं. लग्नघरात कोणी कपाळाला आठी घालत नाही. मांडववाल्यानं तारखेचा घोळ घातला तो फोन आत्याकडच्या पंगतीत आला, आणि आई त्याच्याशी इतकं गोड बोलली की मला हसू फुटलं. धाकट्या आत्यानं तर सगळ्यांसमोर आईलाही कुंकू लावलं. बाबा गेल्यापासून तिला कोणी कुंकू लावलं नव्हतं. मला वाटलं ती आता रडणार. पण समोर पंधरा मोबाइल रोखलेले होते. आई हसली.

तिच्या चेहऱ्यात बसलेल्या त्या पेशी हे सगळं बघत होत्या. खैरनार बाई नेहमी कशा असतात, हे त्यांना कोण सांगणार?

लग्नात आई सुंदर दिसली. रेघ गेली होती. फोटोत ती माझी मोठी बहीण वाटते असं सगळे म्हणाले. पाठवणीच्या वेळी मामा रडला, मामी रडली, शेजारच्या काकू तर माझ्या गळ्यातच पडल्या. मी आईकडे बघितलं. ती हसत होती. छान, भरून आल्यासारखं, फोटोतल्यासारखं. ते बघून माझं रडू थांबलं. आई एवढी निश्चिंत आहे, म्हणजे सगळं बरं होणार, असं वाटलं.

मी वाकले तेव्हा ती माझ्या कानाशी पुटपुटली, “ऋजू, मला आत काहीतरी अडकल्यासारखं होतंय गं.”

भरून आलंय म्हणून म्हणत असेल, असं समजून मी गाडीत बसले.

माझ्या नवऱ्याचं नाव निनाद देवरे. देवऱ्यांचं घर बरं निघालं, तो भाग सुखाचा आहे. आम्ही नाशिकमध्येच एका रो-हाऊसमध्ये राहायला लागलो. आई फोनवर असायचीच, सणाला यायची. नेहमी हसरी. सासूबाई म्हणायच्या, “तुझ्या आईसारखा स्वभाव मिळायला नशीब लागतं.” मला गंमत वाटायची. खैरनार बाईंचा स्वभाव! तिचे जुने विद्यार्थी रस्त्यात भेटायचे आणि गोंधळून जायचे.

मग रेवा झाली. द्राक्षं परदेशी पाठवण्याआधी त्यांच्यावर औषधाचा अंश किती राहिलाय ते तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी काम करते. हंगामात आम्हाला मान वर करायला वेळ नसतो. निनाद फवारणीच्या ड्रोनच्या कामासाठी गावोगाव फिरतो. त्यामुळे रेवा सहा महिन्यांची झाली तशी आई आमच्याकडे राहायला आली. सकाळी मी निघायचे तेव्हा रेवा तिच्या कडेवर, संध्याकाळी परतायचे तेव्हाही तिच्याच कडेवर. दोघी हसत असायच्या. मला काय कमी होतं?

पहिली भीती वाटली ती कुकरच्या दिवशी. मी हंगामातली एकुलती एक सुट्टी घेऊन घरी होते. स्वयंपाकघरातून आईची हाक आली, “ऋजू, मलम कुठे ठेवलंयस?” आवाज अगदी साधा. मी आत गेले. कुकरच्या वाफेनं तिचा पंजा मनगटापर्यंत भाजला होता, कातडी वर येत होती. आणि आई हसत होती. तेच पाठवणीतलं हसू. डोळ्यांच्या कडा किंचित बारीक, ओठ हलके उघडे. चेहरा कोणीतरी “बघा इकडे” म्हटल्यासारखा.

“आई, तुला दुखत नाहीये का?”

“दुखतंय ना. खूप दुखतंय,” ती हसत म्हणाली.

जमिनीवर बसलेली रेवा आजीच्या तोंडाकडे बघत होती. तिनं टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर मी बघायला लागले, आणि जे दिसलं त्यानं माझी झोप उडाली. रेवा रांगत तापलेल्या इस्त्रीकडे जायची, हात पुढे करायच्या आधी थबकायची, आणि मान वळवून आजीकडे बघायची. आई ओरडायची, “नाही! हात नाही लावायचा!” पण आईच्या आवाजातही ते हसू शिरलेलं होतं, हसऱ्या तोंडातून शब्द येतात तसं. रेवा खुदकन हसायची आणि हात पुढे करायची. दर वेळी धावत जाऊन तिला उचलावं लागायचं. आई धावायची, हे मी सांगायला हवं. ती कधीही हलगर्जीपणा करत नव्हती.

निनादला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, “अगं, आजी हसरी आहे याची तक्रार करणारी तू पहिलीच. माझी आजी दिवसभर करवादायची.”

“तुझ्या आजीमुळेच तू इस्त्रीला हात लावला नाहीस,” मी म्हणाले.

मी आईला घेऊन डॉ. शहाण्यांकडे गेले. त्यांनी आईच्या चेहऱ्याला तारा लावल्या, तिला वेगवेगळी चित्रं दाखवली, आणि मग आम्हाला समोर बसवून हसतमुखानं बोलायला लागल्या. त्या पहिल्या दिवशीही अशाच हसत होत्या हे मला तेव्हा आठवलं.

“यांच्या पेशी फार लवकर आणि फार पक्कं शिकल्यात,” त्या म्हणाल्या. “हसण्याचा निरोप तेवढा जातो. बाकी भीती, राग, दुःख, वेदना, सगळं त्यांनी फालतू म्हणून अडवलंय. लग्नाच्या मोसमात ज्या आया येतात, त्यांच्यात हे जरा जास्त दिसायला लागलंय.”

“जरा म्हणजे किती?”

“तेवढं मला बोलता येणार नाही. मलाही वाईट वाटतंय,” त्या हसत म्हणाल्या.

पुढचं त्यांनी सांगितलं ते जास्त भीतीदायक होतं. समोरच्या माणसाला काय वाटतंय हे आपण नुसतं डोळ्यांनी ओळखत नाही. त्याचा चेहरा आपण आपल्या चेहऱ्यावर किंचित, दिसणार नाही इतका गिरवतो, आणि आपल्या स्नायूंवरून आपल्याला त्याचं मन कळतं. स्वतःच्या मनाचंही थोडंफार तसंच. कपाळ आकसतं, ते मेंदूला कळतं, आणि भीती गडद होते. कपाळ आकसलंच नाही तर भीतीला धरायला जागा उरत नाही, ती हळूहळू विरते. आणि लहान मुलांचं तर सगळं शिक्षणच चेहऱ्यावर चालतं. फार पूर्वी शास्त्रज्ञांनी एक टेबल केलं होतं. अर्ध्या भागाखाली चौकटीचौकटींची जमीन, पुढच्या अर्ध्या भागाला नुसती काच आणि खाली खोल खड्डा दिसायचा. रांगणारं बाळ काचेपाशी येऊन थांबायचं आणि पलीकडे उभ्या असलेल्या आईकडे बघायचं. आईनं घाबरलेला चेहरा केला तर बाळ मागे फिरायचं. आई हसली तर बरीचशी बाळं खड्ड्यावरून पुढे यायची.

“तिथे काच होती,” मी म्हणाले.

“हो,” डॉक्टर म्हणाल्या. “तिथे काच होती.”

आईनं विचारलं, “यावर उतारा नाही?”

“आहे. पण तो या पेशी मारतो आणि त्यांनी धरून ठेवलेली नसांची टोकंही त्यांच्याबरोबर जातात. चेहरा सैल पडेल. आठी नाही, हसूही नाही. बोलताना, जेवताना त्रास होईल. परत येईल असं मी सांगणार नाही.”

“म्हणजे कायमची कोरी पाटी,” आई म्हणाली. हसूनच, अर्थात.

मी रिक्षात बसल्यावर तिचा हात धरला. तिच्याकडे न बघता विचारलं, कारण बघितलं की मला काही कळेनासं व्हायचं. “आई, आतून तरी वाटतं ना तुला?”

“पहिलं वर्ष वाटायचं. बंद दाराआड कोणीतरी रडतंय असं. तुझ्या बाबांच्या श्राद्धाला मी आरशासमोर उभी राहून प्रयत्न केला, पण आरशातली बाई हसतच होती. आता दाराआडचं माणूसही दमलंय वाटतं. हात भाजला तेव्हा कळलं की भाजलाय. घाबरले नाही.” मग म्हणाली, “रेवाला माझ्याजवळ ठेवू नकोस, ऋजू.”

तिला हे म्हणताना काय वाटलं असेल, या विचारानं मला रडू आलं. आणि तिला काहीच वाटलं नसेल, या विचारानं जास्त आलं.

दुसऱ्याच दिवशी मी रेवाला घेऊन पाळणाघर बघायला गेले. जागा स्वच्छ, हवेशीर, भिंतींवर हत्ती आणि फुगे. दारातच एक ताई हसत समोर आल्या. आत दोघी होत्या, त्याही हसत होत्या. एका मुलानं दुसऱ्याच्या हाताला कडकडून चावा घेतला. जवळच्या ताईंनी दोघांना वेगळं केलं, “असं नाही करायचं हं,” म्हणाल्या, आणि चेहऱ्यावरचं हसू तसूभरही हललं नाही. ज्याला चावलं होतं तो मुलगा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याच्या दंडावर दातांची खूण उमटली होती. तो रडला नाही.

“आमच्याकडे सगळा स्टाफ रेशीमवाला आहे,” पाळणाघराच्या मॅडम अभिमानानं म्हणाल्या. “पालकांचीच मागणी असते. वैतागलेलं माणूस मुलांसमोर नको ना!”

मी रेवाला छातीशी घट्ट धरून बाहेर पडले. रस्त्यात भाजीवाली हसली, औषधाच्या दुकानातली मुलगी हसली, सिग्नलला शेजारच्या गाडीतली बाई फोनवर कोणाशी तरी कडाक्याचं भांडत हसत होती. यातलं खरं कुठलं आणि शिकवलेलं कुठलं, हे मला ओळखू येईना. आजवर आपण हे बघितलंच कसं नाही?

रेवा घरीच राहिली. आई तोंडावर ओढणी बांधायला लागली, नुसते डोळे दिसतील अशी. पण ते हसू डोळ्यांतही होतं, आणि रेवाला ओढणी ओढून खाली करायचा खेळच मिळाला, तेव्हा आईनं तो नाद सोडला. मी कामाचे तास कमी करून घेतले, दुपारी घरी यायला लागले. निनादनं जिन्याच्या वरच्या तोंडाला छोटं फाटक बसवलं. आता तोही घाबरला होता. आजीचा चेहरा न्याहाळणाऱ्या रेवाला त्यानं एकदा नीट बघितलं होतं.

त्या दुपारी मी दार उघडून आत आले. आई जिन्याच्या खाली उभी होती, हातात वाळलेले कपडे. वर रेवा. फाटकाची कडी नीट बसली नव्हती, ते उघडं होतं. रेवा वरच्या पायरीच्या अगदी काठावर दोन्ही हात टेकून थांबली होती. खाली वाकून बघत होती. तिला खोली कळत होती, हे मला तिच्या थबकण्यावरून स्पष्ट दिसलं. ती मागे फिरायच्या बेतात होती. पण आधी तिनं आजीकडे बघितलं.

“थांब! रेवा, थांब! येऊ नकोस!” आई जिवाच्या आकांतानं ओरडली. कपडे टाकून ती पायऱ्या चढायला लागली होती. आणि तिचा चेहरा रेवाकडे वळलेला होता, हसरा, प्रेमळ, ये ये म्हणणारा.

रेवा हसली आणि निघाली.

आईनं तिला मधल्या पायऱ्यांवर झेललं, नाहीतर काय झालं असतं ते मला लिहवत नाही. पण तोपर्यंत रेवाचं कपाळ कठड्याच्या लोखंडी पट्टीवर आपटलं होतं. मी धावले. रेवाच्या भुवईवरून रक्त ओघळत होतं. तिचे ओठ थरथरले, हनुवटी आत गेली. आता ती किंचाळणार म्हणून मी जीव मुठीत धरून वाट बघत होते. तिनं मान वर केली. आजीच्या तोंडाकडे बघितलं. मग तिचे ओठ हळूहळू ताणले गेले, डोळ्यांच्या कडा बारीक झाल्या, आणि रक्तानं माखलेलं माझं बाळ फोटोतल्यासारखं हसलं.

दवाखान्यात टाके घालताना ती हुंदका गिळल्यासारखी आचके देत होती आणि हसत होती. “किती गुणी बाळ आहे हो,” नर्स हसून म्हणाली. “रडत पण नाही.” भिंतीला धरून मी खाली बसले. रेशीम माझ्या मुलीला कोणी टोचलं नव्हतं. तिला ते असंच लागलं होतं.

घरी आल्यावर आई माझ्यासमोर बसली.

“मला उद्या क्लिनिकला ने. उतारा घेते.”

“आई, हसू पण जाईल. रेवा तुला कधी हसताना बघणार नाही. तू मला कधी...”

“हे हसू माझं नाही, ऋजू. हे केळवणाचं आहे.”

“तुला भीती नाही वाटत?”

“नाही,” आई म्हणाली. “तेच तर. आज ती पायरीच्या काठावर होती आणि मला भीती वाटली नाही. वाटायला हवी होती हे मला कळतं, गणितासारखं मांडून कळतं. उत्तर येतं, पण वाटत नाही. जोवर उत्तर येतंय, तोवर मला हे करू दे.”

मी तिला मिठी मारली. तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मी खूप रडले आणि ती माझ्या पाठीवर थोपटत राहिली, शाळेत कोणी नापास झालं की थोपटायची तसं. मी मान वर केली नाही. तिचा चेहरा मला त्या वेळी बघायचा नव्हता.

उतारा चढायला थोडे दिवस गेले. आधी ओठांचा एक कोपरा उतरला, मग दुसरा. गाल सुटले. पापण्या जड झाल्या. तिला घास तोंडात धरता येईना, पाणी हनुवटीवरून ओघळायचं, मी रुमाल धरायचे. या काळात रेवाला आम्ही सासूबाईंकडे ठेवलं होतं. त्यांनी रेशीम केलं नव्हतं, सुईला घाबरतात म्हणून. त्यांच्या सुईच्या भीतीला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

रेवाला परत आणलं त्या दुपारी आई हॉलमध्ये खाली सतरंजीवर बसली होती. मी रेवाला तिच्यापुढे सोडलं. ती आजीला ओळखून भराभर रांगत गेली, गुडघ्याला धरून उभी राहिली, आणि हसली. तेच हसू. मग वाट बघत थांबली.

आईच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ओलं फडकं पिळून टाकावं तसा तो लोंबत होता. रेवानं पुन्हा हसून दाखवलं, जरा मोठं. आजीच्या गालावर हात मारला. काही नाही. तिचं हसू अडखळलं. तिनं वळून माझ्याकडे बघितलं.

मी काही लपवलं नाही. मी भ्याले होते. आईचा तो चेहरा बघून, रेवाच्या भुवईवरचे टाके बघून, आणि पुढे काय वाढून ठेवलंय ते न कळून मी भ्याले होते, आणि ते सगळं माझ्या कपाळावर येऊ दिलं. दोन भुवयांच्या मध्ये कातडी आकसल्याचं मला जाणवलं.

रेवा माझ्याकडे बघत राहिली. तिच्या इवल्याशा कपाळावर काहीतरी हललं. टाक्यांच्या शेजारी एक बारीक घडी पडली. खालचा ओठ बाहेर आला. आणि मग ती रडली. किंचाळून, तोंड वासून, लालबुंद होऊन, घर डोक्यावर घेऊन रडली. मी तिला उचलून छातीशी धरलं आणि “रड बाळा, रड,” म्हणत राहिले. आवाज ऐकून समोरच्या घरातल्या बायका खिडकीत आल्या. तिघी-चौघी होत्या, सगळ्या हसत होत्या. मी जाऊन पडदा ओढला.

मागून आईचा आवाज आला, जड, बोबडा, पण शाळेतला.

“रडली?”

“हो, आई.”

“मला दिसत नाही नीट, पापणी उघडत नाही. घाबरली का?”

“खूप घाबरलीये.”

“मग झालं,” आई म्हणाली आणि सतरंजीवर आडवी झाली.